दोन खोल्यांचें घर आणि आमचें वाङ्मय

गृहस्थाश्रमाची थोरवी आमच्या स्मृतिकारांनीं पुष्कळ गायिली आहे. बाकीचे तिन्ही आश्रम ह्या एका आश्रमाच्या आधारानें जगतात, असा निर्वाळा मनूनें दिला आहे. परंतु हा आश्रम ज्या भिंतींच्या आंत चालावयाचा त्या भिंतींमध्यें अंतर किती असावें, आणि घरांत एकामागून एक माणूस वाढत गेलें म्हणजे शेवटीं आलेल्यानें पाय कोठें पसरावे, ह्या प्रश्नाची अडचण त्या आश्रमवर्णनांत जाणवत नाहीं. माणूस वाढलें कीं परसाच्या बाजूस एक पडवी काढावी, एवढा तो प्रश्न त्या काळीं सोपा असावा. आज शहरांत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास पडवी काढतां येत नाहीं. लग्नानंतर दोघांनीं कर्ज काढून घेतलेलें दोन निजण्याच्या खोल्यांचें घर पंधरा वर्षांनीं सहा माणसांचें होतें. माणसें वाढतात, त्यांचीं पुस्तकें, अंथरुणें, औषधें आणि मतें वाढतात, आणि भिंती मात्र होत्या तेथेंच राहतात.

हा प्रश्न गवंडी-सुतारांचा आहे, वाङ्मयाच्या मासिकांत त्याचें काय काम, असें एखादा वाचक विचारील. आमचें उत्तर असें, कीं घराची लांबी-रुंदी गवंडी ठरवितो हें खरें. पण त्या लांबी-रुंदींत कसें राहावें, कोणी किती सोसावें आणि त्या सोसण्यास काय नांव द्यावें, हें आम्ही गोष्टींतून, नाटकांतून आणि चित्रपटांतून शिकलों. ‘मन मोठें असलें म्हणजे घर लहान पडत नाहीं’ हें वाक्य प्रत्येक मराठी घरांत केव्हां ना केव्हां उच्चारलें जातें. तें कोणा गवंड्याचें नव्हे. तो वाङ्मयाचा अभिप्राय आहे, आणि वाङ्मयाच्या अभिप्रायाची परीक्षा करणें हें टीकाकाराचें कामच आहे. ती परीक्षा आम्ही येथें करूं इच्छितों.

मराठींत दाटीच्या घराची गोष्ट निघाली कीं पहिल्यानें आठवते ती पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’. १९५८ सालीं तें पुस्तक निघालें, पुढें त्याचे एकपात्री प्रयोग झाले, आणि चाळींत एक दिवसही न राहिलेल्या माणसांस चाळ आपली वाटूं लागली. त्या विनोदाविषयीं नव्यानें कांहीं सांगण्याची गरज नाहीं. आम्हांस लक्ष वेधावयाचें आहे तें गच्चीच्या चळवळीच्या प्रकरणाकडे. चाळकरी चळवळ करतात ती खोली मोठी व्हावी म्हणून नव्हे, तर गच्ची मोकळी व्हावी म्हणून. लेखकानें हसत हसत येथें चाळीच्या जीवनाचें मर्म सांगून ठेविलें आहे. चाळींतील खोली हा घराचा केवळ एक भाग असतो. उरलेलें घर जिन्यांत, नळावर, गॅलरींत आणि गच्चीवर पसरलेलें असतें. हें जाणल्याशिवाय तेवढ्या जागेंत एवढीं माणसें कशीं राहिलीं हें कळत नाहीं.

मुंबई सरकारच्या विकास खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत नायगांव, डिलाईल रोड, वरळी आणि शिवडी येथें ज्या चाळी बांधल्या, त्यांतील एका खोलीचें क्षेत्र सुमारें १६० चौरस फूट होतें, आणि शौचकूप सामाईक. तेवढ्यांत मोठमोठीं कुटुंबें राहिलीं, मुलांचीं शिक्षणें झालीं, लग्नें झालीं. हा दाखला देऊन आजच्या तरुण जोडप्यास गप्प करण्याची आमच्यांतील वडीलधाऱ्यांस फार हौस असते. पण तो दाखला अपुरा असतो. पुरुष गॅलरींत निजत, मुलें आवारांत खेळत आणि रस्त्याच्या दिव्याखालीं वाचीत, म्हातारीं माणसें दाराशीं बसून दिवस काढीत. १६० फुटांचा हिशेब करतांना गॅलरी, आवार आणि रस्ता हे धरलेच पाहिजेत. शिवाय ज्यांस गॅलरींत निजतां येत नसे त्या बायकांच्या वांट्यास काय आलें, हें त्या कौतुकांत सहसा सांगितलें जात नाहीं. आतां ह्याच चाळींच्या पुनर्विकासांत रहिवाशांस ५०० चौरस फुटांचें, दोन निजण्याच्या खोल्यांचें घर देण्याचें ठरलें आहे. क्षेत्र तिपटीनें वाढलें ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण उंच इमारतींत जुनी गॅलरी राहत नाहीं. पूर्वी जें घराबाहेर मावत असे तें सारें आतां दाराच्या आंत मावलें पाहिजे.

दाटीचा दुसरा प्रसिद्ध चित्रकार म्हणजे मराठी चित्रपट. राजा ठाकूर यांनीं दिग्दर्शित केलेला ‘मुंबईचा जावई’ १९७० सालीं आला, आणि दोन वर्षांनीं बासु चटर्जी यांनीं तीच कथा ‘पिया का घर’ ह्या नांवानें हिंदींत नेली. त्या कथेंत नवविवाहित जोडप्यास दोन शब्द बोलण्यापुरताही आडोसा मिळत नाहीं. असा प्रश्न इतक्या उघडपणें मांडणें ही धीटपणाची गोष्ट होती. परंतु उत्तराकडे पाहिलें म्हणजे आमची निराशा होते. सून माहेरीं परत जाण्याच्या बेतापर्यंत येते, घरच्यांच्या प्रेमानें विरघळते आणि राहते. प्रेक्षक डोळे पुसून बाहेर पडतो. घर होतें तेवढेंच असतें, आणि त्या रात्रीं अंथरुणें पुन्हां तेथेंच पडणार असतात. प्रेमानें अडचण सोसण्याचें बळ येतें हें कोण नाकारील? पण त्यानें अडचण दूर होत नाहीं. आमच्या वाङ्मयानें ह्या दोन गोष्टींची वारंवार गल्लत केली आहे, आणि त्या गल्लतीचें ओझें बहुतेक वेळीं घरांत सर्वांत नवीन आलेल्या, किंवा ज्याचा आवाज सर्वांत लहान अशा माणसानें वाहिलें आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल, कीं मग सारा दोष चौरस फुटांचाच काय? मोठ्या घरांतलीं माणसें सुखी असतात काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा विचार महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ ह्या १९८५ च्या नाटकांत सांपडतो. विदर्भांतील देशपांड्यांचा वाडा. खोल्यांना तोटा नाहीं, आणि आवारांत बिघडलेला ट्रॅक्टर वर्षानुवर्षें पडून राहील एवढी ऐसपैस जागा आहे. पण शिकूं इच्छिणाऱ्या प्रभेस आणि घरासाठीं राबणाऱ्या चंदूस त्या वाड्यांत जागा नाहीं. उलट जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ ह्या १९७३ च्या नाटकांतील वृद्ध जोडप्याचें दुःख असें, कीं घर आहे आणि त्यांत मुलें नाहींत. म्हणजे जागा ही वस्तु केवळ फुटांनीं मोजण्याची नव्हे. ती कोणास दिली आणि कोणास नाकारली, ह्यावरूनही ती मोजावी लागते. एलकुंचवारांनीं हें ओळखलें, म्हणून त्यांच्या वाड्याच्या भिंती आम्हांस चाळीच्या भिंतींपेक्षां जवळ आलेल्या वाटतात.

चाळ झाली, वाडा झाला, रिकामें घर झालें. परंतु ज्या घरांत आमचे बहुतेक वाचक आज राहतात, तें बंद दाराचें दोन निजण्याच्या खोल्यांचें घर ह्या चित्रशाळेंत नाहीं. निदान इतक्या तोलाची कृति त्याच्यावर आमच्या पाहण्यांत आलेली नाहीं. हें घर चाळीच्या खोलीपेक्षां मोठें, म्हणून त्याची कींव येत नाहीं. वाड्यापेक्षां लहान, म्हणून त्याचा अभिमान वाटत नाहीं. पण त्याची स्वतःची एक अडचण आहे, आणि ती त्याच्या लहानपणापेक्षां त्याच्या खोल्यांच्या नांवांत आहे.

ओसरी, माजघर, पडवी हीं नांवें जागेचीं होतीं. तेथें काय करावें हें त्या नांवांत सांगितलेलें नव्हतें. माजघरांत दुपारीं पानें मांडलीं जात, सायंकाळीं मुलें परवचा म्हणत आणि रात्रीं तेथेंच अंथरुणें पडत. सकाळीं वळकट्या झाल्या कीं खोली पुन्हां मोकळी. आजच्या घरांत ‘बेडरूम’ म्हटली कीं तींत पलंग आलाच, आणि पलंग एकदां आला कीं तो हलत नाहीं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें राहण्याच्या दोन खोल्या असल्या तर एक निदान ९.५ आणि दुसरी निदान ७.५ चौरस मीटर असावी लागते. ह्या दुसऱ्या खोलीचे सुमारें ८१ चौरस फूट होतात. सहा फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब असा दुहेरी पलंग तींत घातला म्हणजे ३९ फूट, जवळ जवळ निम्मी खोली, त्यानें व्यापली. त्याचा उपयोग आठ तास आणि अडवणूक चोवीस तास. गंमत अशी, कीं घराच्या आंतील वापराच्या क्षेत्रास मराठींत आपण ‘चटई क्षेत्र’ म्हणतों, आणि २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें त्याची व्याख्या करून विकणाऱ्यानें तें स्पष्ट सांगावें असें बंधन घातलें. कागदावर चटई राहिली, घरांतून मात्र ती गेली.

येथवर आम्हीं दुसऱ्यांच्या कृतींवर टीका केली. आतां स्वतःच्या घराविषयीं लिहिलें पाहिजे, कारण हा विषय आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. आमचें घर वर वर्णिल्यासारखेंच आहे. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, धाकटी अजून पाळण्यांत, आणि वडील वारल्यावर गांवचें घर बंद करून आमच्याकडे आलेली आई. एकदां पावसाळ्यांत सायंकाळीं घरीं परततांना मुलगी जिन्याच्या वळणावर पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली दिसली. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबरच जिना चढत होते. ते तिला सहज म्हणाले, ‘कां ग, घरांत जागा नाहीं वाटतें?’ आम्हांस लाज वाटली, आणि त्या लाजेच्या भरांत घरांत गेल्यावर आम्ही तिला रागें भरलों. तिनें वाद घातला नाहीं. एवढेंच म्हणाली, ‘बाबा, जागा आहे, पण प्रत्येक जागा कोणाची तरी आहे.’

त्या वेळीं आम्हांस सुचलेलें उत्तर तेंच जुनें होतें. तें ओठांवर आलें आणि तेथेंच राहिलें. कारण खोली आजीस, दिवाणखाना पाळण्यास आणि हट्ट भावास सोडून जी जिन्यांत जाऊन बसली, तिनें आणखी किती मोठें मन करावें, हें आम्हांस सांगतां येईना.

पुढच्या रविवारीं आम्हीं मोजपट्टी घेऊन घर मोजलें. कोणती जागा कोणाच्या नांवाची, आणि ती दिवसांतून किती वेळ वापरांत असते, हें एका वहींत लिहिलें. आईची खाट, औषधांचें कपाट आणि देव मिळून तिची जागा ठरलेली होती, आणि ती दिवसभर वापरांत होती. मुलास वेगळी जागा नव्हती; पण त्यास सारें घरच आपलें वाटे. धाकट्या खोलींत आमचा पलंग होता; दिवसां त्याच्यावर धुतलेले कपडे पडत. आणि दिवाणखान्यांत खिडकीपाशीं, उजेडाच्या सर्वांत चांगल्या जागीं, आमचें लेखनाचें टेबल, खुर्ची आणि पुस्तकांचीं दोन कपाटें होतीं. एकूण चोवीस चौरस फूट. महिन्यांतून चार-पांच रात्रीं त्या टेबलावर लिहिणें होई. बाकीचे दिवस त्याच्यावर वर्तमानपत्रें आणि न वाचलेलीं पुस्तकें साठत. घरांतील सर्वांत कमी वापरली जाणारी मोठी जहागीर आमचीच निघाली. वहींत एका नांवापुढें मात्र कांहींच लिहिलेलें नव्हतें. तें नांव आमच्या पत्नीचें होतें. स्वयंपाकघर तिच्या नांवावर मांडावें असें क्षणभर मनांत आलें. पण कारखान्यांतील जागा जशी कामगाराची म्हणतां येत नाहीं, तशीच तीही तिची म्हणतां येईना.

व्हर्जिनिया वुल्फ ह्या इंग्रज लेखिकेनें १९२९ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं स्त्रीनें लिहावयाचें तर तिला स्वतःची खोली आणि स्वतःचें उत्पन्न हवें. आमच्याकडे तो विचार व्याख्यानांतून पुष्कळदां सांगितला जातो. आम्हींही तो एकदां सांगितला होता. आम्हीं पत्नीस विचारलें, ‘तुला कोणती जागा हवी?’ ती म्हणाली, ‘खोली कोठून आणणार? दुपारीं दोन तास मला कोणीं हांक मारूं नये, एवढें झालें तरी पुष्कळ.’

ह्या वाक्यानें आमचा हिशेब बदलला. जागा वाढवितां येत नव्हती, पण वेळ वांटतां येत होता. पलंग विकला आणि कापसाच्या गाद्या करून घेतल्या. सकाळीं त्यांच्या घड्या कपाटांत जातात आणि खोली मोकळी होते. जपानांत तातामीच्या खोल्यांतून हीच रीत चालत आलेली आहे, आणि आमच्या आज्यांचीही हीच होती. दुपारीं एक ते तीन ती खोली पत्नीची, सायंकाळीं पांच ते आठ मुलीची. त्या वेळीं दार लावलेलें असेल तर वाजविल्याशिवाय कोणीं उघडूं नये, हा नियम आठ वर्षांच्या मुलास लागू आणि आम्हांसही. टेबल मुलीस दिलें. पुस्तकांसाठीं दारांच्या वर, छताखालीं फळ्या ठोकल्या. जीं पांच वर्षांत उघडलीं नव्हतीं तीं वाचनालयास दिलीं. हा लेख सर्वांचीं जेवणें उरकल्यावर जेवणाच्या टेबलावर लिहिला आहे.

सर्व कांहीं सुरळीत झालें असें मात्र नाहीं. आईस पलंग विकल्याचें वाईट वाटलें. मुलगा आणि सून जमिनीवर आणि आपण खाटेवर, हें तिला बरें दिसत नाहीं. तिची खाट हलविण्याचा प्रश्नच नव्हता. गुडघे दुखणाऱ्या माणसास जमिनीवर निजविणें ही काटकसर नव्हे, निर्दयता आहे. आमचे गुडघे आणखी किती वर्षें साथ देतील हेंही सांगतां येत नाहीं. पाहुणे आले कीं वेळापत्रक कोसळतें. दुपारचे ते दोन तास आठवड्यांतून एकदोनदां तरी कोणी ना कोणी मोडतो, आणि सुटीच्या दिवशीं तो मोडणारे बहुधा आम्हीच असतों. मुलीनेंही जिन्यांत बसणें अगदीं सोडलेलें नाहीं. विचारलें तर म्हणते, तेथें वारा चांगला येतो.

म्हणून ह्या अनुभवावरून लहान घर पुरतें असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. तसें लिहिणें म्हणजे त्या जुन्याच वाक्यास नवा पोशाख घालणें होय. किती जागा पुरे, हें माप आकाशांतून पडत नाहीं. मुंबईंतील झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचें क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ वर आलें, आणि २०१८ पासून अंमलांत आलेल्या विकास नियमावलींत ३०० वर गेलें. माणसांनीं ठरविलेलें माप माणसांनीं बदललें, कारण तें अपुरें आहे असें कोणी तरी म्हटलें. राहणारे सर्वच मन मोठें करून गप्प बसले असते, तर तें बदललें नसतें.

आमच्या वाङ्मयाकडे आमची मागणी लहानशी आहे. दाटीच्या घरावर लेखकांनीं अवश्य लिहावें, विनोदानें लिहावें, मायेनेंही लिहावें. पण रात्रीं दिवे मालवल्यावर कोण कोठें निजलें, कोणाच्या अंथरुणावरून कोणास जावें लागलें, आणि सकाळीं सर्वांच्या आधीं कोण उठलें म्हणून बाकीच्यांस चालावयास वाट झाली, हें त्यांनीं एकदां नीट पाहून सांगावें. आणि वाचकांनीं एवढें करावें: ‘मन मोठें ठेवा’ असें घरांत कोणी म्हणालें, कीं तें कोण म्हणतो आहे आणि त्याचें टेबल कोठें आहे, हें आधीं पाहावें.